घंटी आणि बंद दार

मी कुवेतला निघाले तो रविवार होता, आणि बाबा मला सोडायला आले नाहीत. नागपूरच्या विमानतळावर जाणारी गाडी हिंगणघाटच्या आमच्या गल्लीत उभी होती, काकू डोळे पुसत होती, आणि बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चकडे निघालेले. उपासनेची घंटी तेच वाजवायचे, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते तेव्हापासून. माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, "देव पहिले, बाई. बाकी सारं त्याच्या मागून." दुसरं कोणी वाजवणारं नव्हतं अशातला भाग नाही. गाडी हायवेला लागेपर्यंत ती घंटी ऐकू येत होती. मी रागानं काच वर केली.

तिकडं राहिलेल्यांनो, तुम्ही माझे फोटो बघून म्हणता, शालूचं बरं आहे. डोंबलाचं बरं! सातव्या मजल्यावर एका म्हातारीची देखभाल करते. दाराची किल्ली तिच्या मुलीकडे, माझा पासपोर्टही तिच्याच कपाटात. सुट्टी शुक्रवारची, म्हणून इथं उपासनाही शुक्रवारी. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबा हादरलेच. "शुक्रवारी? मंग रविवारी तुमच्याकडं देव काय करून राह्यला?" पण ती मुलगी आली तरच मला खाली उतरता येतं, आणि शुक्रवारी ती आताशा येतच नाही. मग मी गॅससमोर उभी राहून हळू आवाजात गीत म्हणते. मोठ्यानं म्हटलं तर म्हातारी घाबरते. हिंगणघाटला उपासनेचा मला भारी कंटाळा यायचा, बाबा हाताला धरून न्यायचे. इथं जीव तुटतो तर दार बंद.

मागच्या वेळी अग्रीमेंट संपलं तेव्हा मी बॅग भरली होती. बाबांना फोन केला. ते म्हणाले, थांब, प्रार्थना करतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "देवानं बसवलं तिथून उठू नको. त्या म्हातारीले कोण पाहीन? आज्ञा पाळजो." आता देवाचं नाव घेतल्यावर मी काय बोलणार? बाबांशी भांडता येतं, देवाशी कसं भांडू? नव्या अग्रीमेंटवर सही केली. बॅगेतले कपडे परत काढताना हमसून हमसून रडले. त्यानंतर प्रार्थनेला बसलं की देव मला बाबांच्याच आवाजात बोलताना ऐकू यायचा. देवाची आज्ञा कुठं संपते आणि बाबांची कुठं सुरू होते, ते कळेनासंच झालं. माझ्यासारख्या घर सोडून आलेल्या कुणाला ते कळलं असेल तर मला जरूर सांगा.

या वेळी म्हातारीच्या मुलीनं अग्रीमेंटचा कागद पुढं केला तेव्हा मी बाबांना फोन केला नाही. गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, तूच सांग, बाबांना मधे घेऊ नको. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. पण उठले तेव्हा मनातली भीती गेली होती. मुलीला सांगितलं, दुसरी बाई आणा, ती रुळेपर्यंत मी थांबते, मग खलास. ती तणतणली. मग बाबांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले काऊन नाई इचारलं?"

"तुमीच तं म्हणता, देव पहिले."

पलीकडून नुसता खोकला. "मंग काय म्हणला देव?"

"घरी जाय म्हणला."

नवी बाई आली आहे, म्हातारी हळूहळू तिच्या हातून जेवायला लागली आहे. पासपोर्ट मात्र निघायच्या दिवशीच मिळणार, तोवर दार बंदच. तिकीट मिळालं तेही रविवारचं, सकाळी नागपूरला पोचणारं. बाबांना सांगितलं तर ते चटकन बोलून गेले, "त्या टायमाले तं घंटी असते, बाई."

मला हसू आलं आणि रडूही. बाबा येणार नाहीत. गाडी मीच करीन आणि थेट चर्चपाशी उतरीन. इथं सातव्या मजल्यावर माझा नंबर कुठंच लागत नाही. तिथं देवाच्या मागून का होईना, लागतो.