डावा हात सोडायचा नाही

पिस्तूल उजव्या हातानं चालवतात, असाच माझाही समज होता. पोलिसात भरती होऊन यवतमाळला आले, जिल्ह्याच्या संघासाठी नेमबाजीचा सराव सुरू केला, तेव्हा कळलं की उजव्या हाताला फक्त घोडा दाबायचा असतो. पिस्तूल धरून ठेवतो तो डावा हात. मुठीवर उजव्या हातानं मोकळी ठेवलेली जागा डाव्या तळव्यानं भरायची, डावी बोटं उजव्या बोटांवरून आवळायची आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत तो दाब तसूभरही बदलू द्यायचा नाही. ऐकायला सोपं आहे. माझं गाडं तिथंच रुतलं.

संघात बाईमाणसासाठी एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघी होतो. दुसरी उमरखेडची, माझ्याच खोलीत राहणारी, माझ्याच डब्यातली चटणी खाणारी. मागच्या वर्षी संघातून स्पर्धेला ती गेली आणि मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले होते. हात हलवून परत आले आणि रागानं भांडी घासत बसले. या वर्षी मला ती जागा हवी होती. त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही, हवी होती म्हणजे हवी होती.

आमचे उस्ताद, म्हणजे फायरिंग शिकवणारे जुने हवालदार, माझं टार्गेट पाहिलं की डोक्यावरची टोपी मागं सारायचे.

"पह्यली गोळी तुही हाये. बाकीच्या कोनाच्या?"

पहिली मधोमध असायची. बाकीच्या खाली डावीकडं घरंगळत गेलेल्या. एकदा त्यांनी मोबाइलवर माझे हात चित्रित केले आणि अगदी हळू करून दाखवले. गोळी सुटत होती, पिस्तूल उसळत होतं आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या हाताची बोटं उघडत होती. मग घाईनं पुन्हा मिटत होती. प्रत्येक गोळीला.

"काहून सोडतं तू?"

"मी कुठं सोडते!" मी फणकारले.

"मंग हा हात कोनाचा हाये?"

हात कोणाचा होता ते मला माहीत होतं. तो माझ्या बाबांनी घडवला होता.

दिग्रसला, जिनिंगच्या रस्त्यावर, बाबांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेतून आले की मी तिथंच. जाम झालेला बोल्ट खोलताना दोन पाने लागतात. उजव्या हातानं एका बाजूनं जोर लावायचा आणि डाव्या हातातल्या पान्यानं पलीकडचा नट धरून ठेवायचा. गंजलेला नट बराच वेळ हटून बसतो आणि मग एकदम झटका देऊन सुटतो. तेव्हा डावा पाना गर्रकन फिरतो आणि पकड घट्ट असेल तर बोटं लोखंडावर आपटतात. बाबांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक असंच गेलं. म्हणून मला पहिला धडा तोच मिळाला: "झटका बसला का डावा हात सोड." माझी मूठ उघडायला उशीर झाला की ते मनगटावर चापट मारायचे. आणि संध्याकाळी शटर ओढण्याआधी म्हणायचे, "बोटं पाहू दे." मी दोन्ही हात पुढं करायची. ते नीट पाहायचे, मान हलवायचे आणि मगच शटर खाली यायचं.

इतक्या मायेनं अंगात मुरवलेली गोष्ट काढायची कशी? रिकाम्या पिस्तुलावर सराव करून उपयोग नव्हता, कारण झटका नसला की हात अगदी शहाण्यासारखा राहायचा. उस्तादांनी युक्ती काढली. रबरी पिस्तूल धरून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं न सांगता खालून नळीवर थाप मारायची. खोलीवर ते काम उमरखेडवालीनं पत्करलं. चहा करता करता येऊन थाप मारायची, माझी बोटं उघडली की कपाळाला हात लावायची.

"मलेच हरवाले मी तुले शिकवून राह्यली व. पागल हाओ मी."

निवडीच्या दिवशी आधी तिचा नंबर लागला. तिनं फार चांगलं मारलं. मला त्याचा आनंद झाला नाही. मी घामेजलेले तळवे पँटला पुसले, कानात कापूस कोंबला आणि उभी राहिले. हुकूम झाला.

पहिली गोळी गेली. बोटं आवळलेलीच होती. दुसरीला करंगळी सुटायला निघाली, मी तिला दाबून धरलं. तिसरीला मनगटावर चापट बसल्याचा भास झाला. खरंच झाला. आत कोणीतरी ओरडत होतं, सोड, सोड, आणि मी दातावर दात ठेवून त्याला म्हणत होते, बाबा, आज गप्प बसा. चौथी. पाचवी. मग काहीच ऐकू येईना. पिस्तूल रिकामं करून तपासून झालं, मेजावर गेलं, तरी माझा डावा हात हवेत मूठ वळूनच होता.

"सोड आता," उस्ताद म्हणाले.

जागा मला मिळाली. उमरखेडवाली संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग स्पर्धेला न्यायची माझी बॅग पलंगाखालून ओढून झटकायला लागली, तेव्हा मला रडू आलं.

रविवारी पेढे घेऊन दिग्रसला गेले. बाबांनी रस्त्यावरच्या सगळ्यांना बोलावून पेढे वाटले. मग ट्रॅक्टरखाली सरकले आणि सवयीनं म्हणाले, "तो पाना धर वं माय." मी धरला. त्यांनी जोर लावला. नट हटून बसला, बसला, आणि झटका देऊन सुटला.

माझा हात सुटला नाही.

बाबा बाहेर आले ते माझ्या ओरडण्यानं. हात पाण्याखाली धरून एकेक बोट त्यांनी हलवून पाहिलं. बोटं शाबूत होती, दोन पेरांवरचं कातडं सोललं होतं.

"सोडला नाई तू."

"नाही."

"झटका बसला तरी?"

मी मान हलवली. त्यांनी पट्टी बांधली, पाना पुसून खिळ्याला अडकवला आणि गिऱ्हाइकांची खुर्ची माझ्यासाठी बाहेर टाकली. "बस इथं. चहा पे." दुपारभर मी तिथं बसले. नट सुटल्याचा आवाज आला की मान वळायची, पण त्यांनी मला हाक मारली नाही.

संध्याकाळी ते शटरपाशी आले. मी उठून दोन्ही हात पुढं केले.

"कायले दाखवतं?" ते म्हणाले. "तू कुठं काम केलं आज?"

आणि त्यांनी शटर ओढलं.