बाबांच्या हाताची वर्गणी

दिल्लीच्या द्वारकेत आम्ही राहायला आलो तेव्हा नव्या सोसायटीत लिफ्ट होती, पण तिला वीज नव्हती. मराठी घरं मात्र अकरा होती, म्हणजे मंडळ निघणारच. माझे बाबा त्या मंडळाचे पेटीवाले, आरतीला हार्मोनियम त्यांचीच. गणपती दोन महिन्यांवर आलेले आणि बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं, आजार जाणार नाही, ताब्यात राहील.

एवढ्याशा आश्वासनावर मंडळ थोडंच गप्प बसतंय? सेक्रेटरीकाकांना सोनीपतजवळचे कुणी वैद्यजी सापडले. चूर्ण महाग, पण आजार 'जड से खतम'. झालं, गणपतीचंच पावतीपुस्तक घेऊन काका दारोदार फिरले. बाबांच्या हाताच्या पावतीवर मोरयाचा छाप.

वैद्यजींची अट होती, इंग्रजी गोळ्या बंद. बाबांनी केल्या. मी भांडले तर म्हणाले, "अगं, लोकांनी पैसे दिलेत. बरं दिसतं का?"

हात आणखीच हलू लागला. वर्गणीदार रोज संध्याकाळी यायचे, चहा प्यायचे आणि "हात दाखवा बघू" म्हणायचे, जसा काही हप्त्यावर घेतलेला फ्रीज. बाबा बिचारे हात मांडीखाली दाबून बसायचे. माझं डोकंच फिरलं.

मग मी गोळ्या कुटून गुपचूप चूर्णात कालवायला लागले, वर भरपूर मध. काही दिवसांत हात बराच थांबला. बाहेर वैद्यजींचा जयजयकार चालायचा आणि मी स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून हसायचे.

गणपतीत बाबांनी आरतीला पेटी वाजवली, एकही सूर न चुकवता. आरती संपते न संपते तोच काकांनी पुन्हा पावतीपुस्तक काढलं. आता दुसऱ्या मजल्यावरच्या सुभेदारांच्या बायकोची शुगर. त्या काकू खुशीत म्हणाल्या, "उद्यापासून इन्सुलिन बिल्कुल बंद."

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, गोळी, चूर्ण, मध, सगळं. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. काकूंनी स्वतःच्या वाट्याची म्हणून काढलेली नोट पर्समध्ये परत ठेवली.

बाबांनी पेटीचा भाता लावला. मग हळूच मला विचारलं, "म्हणजे मी बरा नाही झालो?"

फसवलं होतं मी त्यांनाच. तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गोळी ते स्वतःच्या हाताने घेऊ लागले, मधाशिवाय.