उगा बसलेला कान

रायरांच्या यादीतली एक ओळ मी पुसली होती. ती कोणी पुसली, असं विचारलं गेलं तेव्हा मी त्याच खोलीत बसलो होतो आणि बोललो नाही. या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली.

रायर आमच्या अड्यारच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळत. तंजावरच्या मराठी घरातले. तमिळ सहकाऱ्यांनी 'राव'चं 'रायर' केलं आणि तेच नाव चिकटलं. रोज सकाळी आल्या आल्या, हातातला डबाही खाली न ठेवता, ते लोड बॅलन्सरवरच्या लिसनरांची यादी पडद्यावर आणत. हा सर्व्हर बाहेरून येणारी कामं आतल्या सर्व्हरांत वाटून देई. लिसनर म्हणजे त्याचे कान. कुठल्या पोर्टवर, म्हणजे दारावर, कोणाची हाक ऐकायची, हे त्यात नेमलेलं असे. रायर एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत, वर्गात हजेरी घ्यावी तसे. "आधी ऐकणारे पाहावे, तंबी. मग बोलणाऱ्यांस दोष द्यावा."

मी साताऱ्याहून नुकताच आलो होतो; ते मला तंबी, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, म्हणत. त्यांचं 'मज ठाऊक नाही', 'तुम्हांस काप्पी पाहिजे का', आणि मध्येच तमिळ होकाराचं 'सरी, सरी' ऐकून मला हसू येई. "रायर, तुमचं मराठी बखरीतलं आहे," मी म्हणे.

"असो. माझं बखरीतलं तरी आहे. तुझं तर निम्मं इंग्रजी."

पण त्या अख्ख्या शहरात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या हजेरीसाठी मी अर्धा तास लवकर जाऊ लागलो.

एकदा ते लग्नासाठी तंजावरला निघाले. जाताना यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा एन्नोरचा. हा उगा बसलाय. पाहून ठेव."

आमच्याकडे उगा म्हणजे विनाकारण. मी तपासलं, तर कित्येक आठवड्यांत त्या कानावर एकही हाक आलेली नव्हती. रायरांनी विश्वासाने दिलेल्या त्यांच्याच पासवर्डने मी तो काढून टाकला. यादी सुटसुटीत झाली, याचा मला अभिमानही वाटला.

तो कान एन्नोर बंदरातल्या एका गिऱ्हाइकासाठी होता. नेहमीची लाइन तुटली, तरच ते तिथे हाक मारत. रायर परतले त्याच आठवड्यात लाइन तुटली. गिऱ्हाइकाची हाक ऐकायला कोणी नव्हतं, आणि त्याचे ट्रक दुपारभर बंदराच्या फाटकाशी अडकून पडले.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे काढलं कोणी?" नोंदीत नाव रायरांचं होतं. मी तोंड उघडलं. शेजारून रायर अगदी हळू म्हणाले, "उगा राहा, तंबी."

तेव्हा मला तो शब्द कळला. उगा म्हणजे गप्प. एन्नोरचा कान गप्प बसून हाकेची वाट पाहत होता.

"यादी माझी, सर," रायर म्हणाले. मी गप्प राहिलो. नोकरी जाईल ही भीती होती, आणि वडीलधाऱ्यानेच सांगितलंय ही सबब आयती मिळाली होती.

त्यांच्याकडून सर्व्हर काढून घेतले आणि त्यांना प्रिंटरच्या तक्रारींवर बसवलं. सकाळी ते येत, डबा खाली ठेवत आणि खुर्चीत बसून राहत. यादी आता कोणी मोठ्याने वाचत नसे. दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. "जाऊन येतो," म्हणाले, पण परत आले नाहीत. माझ्या आजच्या ऑफिसात मी अजून सकाळी बोट ठेवून यादी वाचतो. पोरं हसतात.

गेल्या वर्षी तांबरमला त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. "ये, तंबी. बखर ऐकायला आलास?"

काप्पी आली. ती निवून गेली. पडद्यावर यादी यायला वेळ लागला की रायर पूर्वी बसत, तसेच मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

शेवटी म्हणालो, "रायर, एन्नोरचा कान मी काढला, हे तुम्हांस ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी उगा राहायला नको होतं. मला क्षमा करा."