स्प्रूस पाइनची सावली

आमच्या ऑर्फा मावशीला ऊन म्हणजे वैरी. टेनेसीच्या डोंगरात तंबाखूच्या शेतावर तिचा जन्म गेला, पाठ नुसती भाजून निघाली. म्हणून नवरा ड्यूइट गेला तेव्हा घरामागच्या घळीत, स्प्रूस पाइनच्या गर्द झाडांखाली तिने त्याला पुरलं. शेजारची जागा स्वतःला राखली. "जन्मभर भाजले, मेल्यावर तरी गार पडू दे," म्हणायची. दर शनिवारी थडगं झाडायची आणि ड्यूइटला गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायची.

एकदा जंगल खात्याचा माणूस दारात आला. "आजी, तुमच्याकडे हेमलॉक आहेत का? जपानकडची कीड आलीय. मुळाशी औषध घालतो, फुकट."

मावशी उसळलीच. "हेमलॉक? ते ओढ्याकाठचं विषारी झुडूप? माझ्या गाई मारायच्यात होय रे तुला? एक काडी नाही माझ्याकडे!"

तो मक्याचा पाव खाऊन, ताक पिऊन निघून गेला. अरे मेल्या, झाड दाखवून विचारायचंस ना! हेमलॉक नावाचं उंच झाडही असतं, आणि आम्ही डोंगरातले लोक त्याला पिढ्यान् पिढ्या स्प्रूस पाइन म्हणतो.

हिवाळ्यात फांद्यांच्या खालच्या अंगाला कापसाचे बारीक ठिपके दिसले. "कोळ्याची अंडी असतील," मावशी म्हणाली. वसंतात नवी पालवी फुटलीच नाही. पुढे सुईसारखी पानं इतकी गळायला लागली की झाडायला शनिवार पुरेना. मग एक दिवस ड्यूइटच्या दगडावर लख्ख ऊन पडलेलं दिसलं.

मी जाऊन त्या माणसाला घेऊन आलो. त्याने फांदी उलटी केली. "रस शोषते ही कीड. आजी, हेच हेमलॉक."

मावशीने फांदीवरचा कापूस नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाली, "घाल की मग औषध."

"झाड पाणी वर ओढत असेल तरच औषध चढतं. ही आता ओढत नाहीत."

"मग तेव्हाच स्प्रूस पाइन म्हणायला काय झालं होतं रे तुला?"



वाळक्या फांद्या थडग्यावर कोसळायला लागल्या तशी झाडं पाडावी लागली. मी म्हटलं, मावशी, तुझ्यासाठी दुसरी जागा बघू. "आणि ड्यूइटला एकट्याला उन्हात टाकू?" ती माझ्यावरच खेकसली.

ऑगस्टमध्ये ती गेली. भर दुपारी तिला तिथेच ठेवलं. पाद्रीबुवा घाम पुसत प्रार्थना आटपत होते आणि माझी बायको स्वतः उन्हात उभी राहून मावशीच्या पेटीवर छत्री धरत होती.