जाहिरात कमी पडली नव्हती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. संध्याकाळी ती भाजी निवडत बसते, मी शेजारी असतो, तेव्हा दोनतीनदा अगदी तोंडाशी आलं होतं – आणि मी विषय बदलला. विषय बदलणं मला चांगलं जमतं. रत्नागिरीच्या एका दैनिकात डेस्कवर माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं: कुठली बातमी पहिल्या पानावर, कुठली आत, कुठली टोपलीत. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, ते मलाही नीट माहीत नाही.

शंका घेण्याचा मला पगार मिळत होता. पूल पूर्ण झाला असं कोणी कळवलं, तर मी माणूस पाठवून तो बघून घेत असे. निवेदन आलं की आधी विचार यायचा – हे आजच का आलं? कोणाला काय झाकायचंय? निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. पण एका माणसावर मी घेतलेली शंका खोटी होती, आणि ती घेत असतानाच मला ते ठाऊक होतं. मग तिला शंका म्हणायचं की दुसरं काही?

दिगंबर, म्हणजे दिगू, माझा शाळेपासूनचा मित्र. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याची शेड होती. आधी तिथे आंब्याच्या पेट्या बनायच्या, नंतर त्याने चित्रपट कंपनी काढली. लहान मराठी चित्रपट, कलाकार इथलेच, चित्रीकरण आरे-वारेच्या रस्त्यावर नाहीतर कोणाच्या तरी अंगणात. पहिला खरोखर चांगला होता. लोक घरच्यांना घेऊन पुन्हा पुन्हा गेले. दुसरा वाईट होता. तो त्याने मला आधी शेडमध्येच दाखवला – आवाज नीट ऐकू यावा म्हणून पंखा बंद करून. संपल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. घाम पुसत मी म्हटलं, "जमलाय."

एक शब्द. पुढचं सगळं त्या शब्दाला टेकू देण्यासाठी केलं.

पेपरांचं मी बघतो, असं मी त्याला सांगितलं. तो समजला की मी वार्ताहरांना चित्रपट बघायला बोलावणार. मी तसं केलं नाही. घरी बसून परीक्षणं लिहिली. एकात अभिनय वर, दुसऱ्यात छायाचित्रण वर, तिसऱ्यात कोकणच्या मातीचा सुगंध – आणि ओळखीच्या लहान दैनिकांना, साप्ताहिकांना पाठवून दिली. तिथली पानं कशी भरतात हे मला माहीत होतं. शुद्ध लिहिलेला, मापात बसणारा तयार मजकूर कोण नाकारतो? त्यांनी आपापल्या वार्ताहरांच्या नावाने तो छापला. त्यांतल्या एकानेही चित्रपट पाहिला नव्हता. तिसऱ्या चित्रपटाला दुसऱ्यापेक्षा जास्त चांगली परीक्षणं मिळाली, कारण त्या वेळी मी जास्त लिहिली. दिगूने कात्रणं लॅमिनेट करून शेडच्या भिंतीवर लावली.

प्रेक्षक मात्र कमी होत गेले. दुसऱ्याला सुरुवातीचे तीनचार दिवस गर्दी, मग नाही. तिसऱ्याला पहिल्या दिवसापासूनच नाही.

दिगू मला म्हणाला, "पेपर चांगलं म्हणतात, माणसं येत नाहीत. म्हणजे चांगलं म्हणतात हे माणसांना कळतच नाहीये. जाहिरात वाढवू का? तू बातमीदार माणूस. फिर, विचार, आणि मला लिहून दे."

वरवर हिशेब बरोबर होता. मी नाही म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. का? कोणी दुसरा चौकशीला गेला तर त्याला काय सापडेल, याची मला भीती होती – हे आज कळतं. की तेव्हाही कळलं होतं?

कंपनीची प्रसिद्धी गजाभाऊ करायचे. पन्नाशीचे, स्वतःची रिक्षा, तिच्यावर दोन कर्णे. पोलिओचा डोस असो, जत्रा असो, पाणी बंद असो, शहराला पहिली खबर त्यांच्या आवाजात मिळायची. चित्रपटाची पोस्टरंही तेच लावायचे. पहिली शंका मी त्यांच्यावरच घेतली, आणि ती तेव्हा प्रामाणिक होती. पोस्टरं कुठेतरी पडून असतील, रिक्षा झाडाखाली उभी राहत असेल. म्हणून न कळवता सकाळीच त्यांच्या दारात गेलो. ते कर्णे पुसत होते. "बसा साहेब," म्हणाले, "पण मागे खळीचा डबा हाय, पँट सांभाळा."

तीन दिवस मी त्या रिक्षात होतो. पोस्टरं लागलेली होती. थिएटरच्या चौकात, मच्छीमार्केटच्या भिंतीवर, गावोगावच्या एसटी थांब्यांवर. मी नखाने खरवडूनसुद्धा पाहिली – नवी की जुनी. नवीच होती. मग लोक मोबाइलवरच बघत असतील अशी शंका घेतली, मुलांच्या परीक्षांवर घेतली, थिएटरवर घेतली. पण त्याच थिएटरात त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा मराठी चित्रपट भरून चालला होता.

आणि लोक बोलत होते. विचारायचा अवकाश. मच्छीमार्केटातली एक मावशी म्हणाली, "मागच्या टायमाला पेपरात वाचून आमी सगळी गेलो. आता पेपर घेतो तो मासळी गुंडाळायला." भोवतीच्या बायका हसल्या. गजाभाऊही हसले. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आम्हाला पाणी दिलं, मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "काय भरभरून लिहिलंन होतं हो. लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय मला." मी पाणी प्यायलो. पेला परत देताना छान थंड आहे म्हणालो.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर गजाभाऊंनी कर्णे बंद केले आणि मागे न बघता म्हणाले, "साहेब, लोकांना माहीत नाय असं नाय. माहीत हाय, म्हणून येत नायत. दिगूशेटना सांगा. माझं ऐकायचे नायत, तुमचं ऐकतील."

एवढंच उत्तर होतं. लोक पहिल्या चित्रपटाच्या भरवशावर आणि माझ्या परीक्षणांवर दुसऱ्याला गेले, फसले, आणि तिसऱ्याच्या पोस्टरवर 'वृत्तपत्रांनी गौरवलेला' हे वाचून घरी बसले. जाहिरात दुप्पट केली असती, तर घरी बसणारे दुप्पट झाले असते. हे मी दोन वाक्यांत लिहू शकत होतो. पण तिसऱ्या वाक्यात ती परीक्षणं कोणाची, हे लिहावं लागलं असतं.

मी दीड पानाचा अहवाल लिहिला. परीक्षणं अनुकूल आहेत. ती पुरेशा प्रेक्षकांपर्यंत पोचत नसल्याचं दिसतं. जाहिरात वाढवणं योग्य ठरेल. एवढ्यावर थांबलो असतो तर मी फक्त भित्रा ठरलो असतो. पण दिगू विचारणार होता – इतकी पोस्टरं छापली, मग पोचत का नाहीत? म्हणून खाली आणखी एक ओळ घातली: 'सध्या सुरू असलेलं प्रसिद्धीचं काम प्रत्यक्षात कितपत होतं, याची खात्री करून घ्यावी.'

ती ओळ नीट वाचा. तिच्यात कोणाचं नाव नाही. आरोप नाही. कोर्टात गेलात तर माझ्यावर काही शाबीत होणार नाही. अशा ओळी कशा लिहायच्या, हे मी कितीतरी नव्या मुलांना शिकवलं होतं.

दिगूने अहवाल वाचला आणि विचारलं, "म्हणजे गजा फिरतच नव्हता?"

मी म्हटलं, "मी तसं लिहिलेलं नाही."

त्याने गजाभाऊंना शेडमध्ये बोलावून घेतलं. मी तिथेच होतो. दिगू काय काय बोलला ते सांगत नाही. तो घाबरलेला होता, त्याला कोणीतरी हवं होतं. गजाभाऊ त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. माझ्याकडे वळले.

"साहेब, तुमी होतात ना माझ्या रिक्षेत?"

मी म्हणालो, "तीन दिवस होतो. बाकीच्या दिवसांचं मी कसं सांगणार?"

अचूक होतं. शब्दन् शब्द अचूक. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले – रागाने नव्हे, एखादा पत्ता चुकल्यावर माणूस पाटीकडे बघतो तसे – आणि निघून गेले.

चौथ्या चित्रपटाची जाहिरात हायवेपासून मांडवीपर्यंत होती. मोबाइलवर होती, मुंबईच्या आपल्या लोकांसाठी तिकडेही होती. थिएटरने तो तिसऱ्या दिवशी उतरवला. कंपनी बंद झाली. त्या शेडमध्ये आता काजूगर भरतात. दिगू अजून म्हणतो, सुरुवातीलाच गजाने घात केला, नाहीतर लोकांना आपलं काम आवडत होतं. चारचौघांत म्हणतो. मी तिथे असतो आणि चहा पितो.

गजाभाऊंचं काय झालं, हे मी कोणाला विचारलं नाही. आपोआप कळत गेलं. पैसे घेऊन पोस्टरं गटारात टाकणारा माणूस, अशी गोष्ट बाजारात पसरली. जत्रावाल्यांनी दुसरा माणूस पाहिला. पाण्याच्या घोषणा गेल्या. कर्णे त्यांनी उतरवले. आता ते साधी रिक्षा चालवतात, एसटी स्टँडच्या रांगेत उभे असतात. पाणी बंद असल्याचं कोणीतरी दुसरंच सांगत जातं, आणि तो आवाज मला नीट ऐकू येत नाही.

घरी जायला स्टँडवर आलो आणि रांगेत त्यांची रिक्षा पुढे असली, तर मी टपरीवर उभा राहून पेपर उघडतो आणि ती निघून जाईपर्यंत थांबतो. परवा असाच थांबलो होतो. त्यांना गिऱ्हाईक लवकर मिळेना. वीसेक मिनिटं झाली. मग त्यांनीच मला पाहिलं, रिक्षा सुरू केली, आणि रिकामीच रांगेच्या शेवटी नेऊन लावली – मला पुढची मिळावी म्हणून.

मी त्या पुढच्या रिक्षात बसलो आणि घरी आलो.