नको म्हणणारे मामाजी

बायांनो, आज आमच्या घरून पाहुणा अर्धपोटी चालला होता. ऐका.

आमच्या ह्यांचे मामा दुपारी सोनाळ्याहून आले. मी रोडगे, वरण अन् वांग्याची भाजी केली. वाढायले नव्या सुनेले सांगितलं. ती नाशिकची, लग्न आत्ताच झालं.

मामाजींचा एक रोडगा संपला. सुनेनं विचारलं, "मामा, अजून वाढू का?" ते म्हणाले, "नको." तिनं लगेच टोपलं झाकून ठेवलं! मामाजी बिचारे पाणी पिऊन उठले अन् ओट्यावर जाऊन बसले.

मी तिले आत ओढलं. "काऊन वं, एकाच रोडग्यावर उठवलं त्याहिले?"

"आई, ते नको म्हणाले."

"पहिल्यांदा सारेच नको म्हणतात! आपल्याकडं विचारत नाहीत, वाढतात."

ती थेट ओट्यावर गेली. "मामा, मला इथली पद्धत माहीत नव्हती. खरं सांगा, भूक आहे ना?"

मले वाटलं, गेली घराची इज्जत. पण मामाजी खो खो हसले. "आहे ना पोरी! पोटात कावळे ओरडून राह्यले." पुन्हा पाटावर बसले अन् दोन रोडगे खाऊन ढेकर दिला.

मी तोंडाची एवढी फटकळ, पण कोणाकडं पाहुणी म्हणून गेल्यावर "अजून वाढा" म्हणायची माही हिंमत नाही झाली कधी. सून मले आज लय आवडली.

तुमच्यात आहे का कोणी, पहिल्याच वेळी "हो, वाढा" म्हणणारी? असली तर उद्या माह्या घरी जेवाले ये.