अनंताला कात्री

कुसाबाईंना रिकामं बसता येत नाही. बसल्याच तर पाय हलतो. पाय दाबून धरला तर बोटं चटईच्या काड्या उपसायला लागतात. नवरा गेल्यावर सायखेड्याची द्राक्षबाग त्यांनी एकटीने सांभाळली. छाटणीला मजुरांची टोळी यायची, पण पहिली ओळ कुसाबाई स्वतः छाटून दाखवायच्या. टोळी पाठीमागे हसायची आणि समोर मुकाट तसंच छाटायची. पुढे गुडघे गेले. मग योगेशने, मुलाने, बाग आपल्या मामेभावाकडे, समाधानकडे सोपवली आणि आईला नाशकात गंगापूर रोडच्या बंगल्यावर आणलं. सोबत त्यांनी चार लुगडी, देवाचे टाक आणि छाटणीची कात्री एवढंच घेतलं. कात्री कशाला, असं विचारायची योगेशची छाती झाली नाही.

बंगल्यामागे बिल्डरने तीन आंबे आणि एक थोराड जांभूळ तोडायचे कसे विसरले, देव जाणे. भर दुपारीही तिथे दिवा लावावा अशी सावली. सून हर्षाली कॉलेजात शिकवते. उरलेल्या वेळात तिने तिथे नेचे लावले, पालापाचोळा कुजवून माती भुसभुशीत केली आणि मधोमध अनंत लावला. सटाण्याला तिच्या आईच्या दारात होता, त्याची फांदी. आई गेली, घर विकलं गेलं. माहेरचं म्हणून हे एवढंच राहिलं होतं.

झाड लागलं झोकात. बारमाही हिरवं, पानं तेल लावल्यासारखी तकतकीत. पण फूल? चार वर्षांत एक नाही.

हर्षालीने काही करायचं बाकी ठेवलं नाही. बोअरचं पाणी जड म्हणून पावसाचं साठवलं, लाल माती आणली, पानं पिवळी पडली तेव्हा ताक घातलं. कुसाबाईंनीही आपल्या परीने हातभार लावला. एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी, तशी अनंताची. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, तशी अनंताची. सगळी टोकं टकाटक उडवायची.

"कात्री लागल्याबिगर घड येत नाय," असं त्या सांगायच्या, आणि द्राक्षाच्या बाबतीत ते सोळा आणे खरं होतं.

संध्याकाळी घरी आलेली हर्षाली गोल गरगरीत झाड बघून खूश व्हायची. "आई, पार्लरमधून आल्यासारखं दिसतंय की!"

यंदा मे महिन्यात मात्र तिचा धीर संपला. चहा पिता पिताच म्हणाली, "सावलीच मारतेय त्याला. रविवारी माळी येतोय. काढून पुढे गेटापाशी लावू, उन्हात."

"अगं, असल्या उन्हाळ्यात? मुळं हलली की वाळंल ते."

"वाळू दे. माझ्या आईच्या दारी टोपलीभर यायची फुलं. इथे रोज नुसता पाला बघते मी. मना जीव कटाळी गया आते." हर्षालीच्या तोंडी सटाण्याची बोली आली, की समजायचं फार राग आलाय नाहीतर फार आनंद झालाय. आनंद झाल्यासारखं काही दिसत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी कुसाबाई पडलेल्या कैऱ्या द्यायला शेजारच्या सिंधुबाईंकडे गेल्या. दारातच वास आला. देवघरात बाळकृष्णापुढे पांढरीशुभ्र अनंताची फुलं, ताटलीत आणखी तीन.

"कुठून आणली ओ?"

"आणलीत कसली? तुमचीच आहेत. एक फांदी भिंतीवरून माझ्या जिन्यापाशी आलीय ना! दोन वर्षं झाली, रोज देवाला वाहते. तुम्ही मेलं कधी एका शब्दाने म्हणाला नाहीत, तर मी म्हटलं, केवढं मन मोठं या बाईंचं!"

कुसाबाई जिन्याशी गेल्या. फांदी जांभळाच्या बुंध्यामागून वाट काढत भिंत ओलांडून आली होती. बुंध्यामागे मुळांचा चढ आहे. कुसाबाईंचा गुडघा तिथे कधी पोचला नव्हता. मूळ तेच, पाणी तेच, सावली तर इथे जास्तच गडद. एवढ्या एकाच फांदीला कात्री लागली नव्हती.

घरी येऊन त्यांनी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. झाडलेली ओसरी झाडली. योगेश म्हणाला, "आई, जरा बस ना." त्या बसल्या आणि लगेच उठल्या. गप्प राहिलं तर काय होणार होतं? माळी झाड काढणार, ते वाळणार, दोष सावलीचा. विचारणारं कोणी नव्हतं. सोपं होतं सगळं, आणि त्यांनी तांदूळ तिसऱ्यांदा निवडायला घेतले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सिंधुबाईंकडचं एक फूल आणलं आणि हर्षालीच्या ओंजळीत टाकलं.

"आपल्या झाडाचं हाय."

हर्षालीने वास घेतला.

"जी फांदी माझ्या हाताला गावली नाय, तिला आलं," कुसाबाई घाईघाईने म्हणाल्या. "याच्या कळ्या जुन्या टोकाला धरतात. ती टोकंच मी दरसाली उडवली. सावलीचा काय दोष नाय. आता बोल काय बोलायचं ते."

"कात्री कुठे आहे?"

कुसाबाईंनी कात्री आणून दिली. हर्षालीने ती स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली आणि माळ्याला फोन लावला. "उद्या येऊ नका." त्या रात्री सासूशी ती एक शब्द बोलली नाही. सकाळी चहा मात्र नेहमीसारखा दोघींचा केला.

ऑक्टोबर आला. अनंताची टोकं सरसरून वर निघाली, वेडीवाकडी, मोकाट. कुसाबाई दिवसातून दहादा मागच्या दारी.

"आई, हात मागे!"

"बघते हाय नुसती."

"नखाने खुडता आहात. दिसतंय मला."

कुसाबाईंनी हात पदरात लपवला. "मला सायखेड्याला धाड बाई. समाधानची छाटणी सुरू झाली. इथं राहिले तर काय माझा भरवसा नाय."

हर्षालीने कपाट उघडलं, कात्री जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि स्वतः गाडीने सोडायला गेली. बागेत समाधानने स्टूल ठेवलं. "आत्या, गडी तुझ्या धाकाने आजच पळतील बघ!" आत्या बसल्या बसल्या मनसोक्त छाटत राहिल्या. छाटणी संपल्यावरच परत आल्या, आणि आल्या आल्या कात्री न मागता सुनेच्या हातात दिली.

पुढच्या चैत्रात एका सकाळी मागून आरोळी आली, "आई! कळी शे! आई, बठ्ठा झाडले कळ्या शेतस!"

सगळं झाड कळ्यांनी लगडलं होतं. उन्हाळाभर फुलं येत राहिली. सिंधुबाईंना आता ताटलीभर इकडून जायची. पावसाळ्यात बहर ओसरला तेव्हा हर्षालीने कात्री पुढे केली. "फूल संपल्या संपल्या थोडं छाटायचं असतं. चारच फांद्या, आई."

कुसाबाईंनी चार छाटल्या. पाचवी समोर होती, लांबुडकी, आगाऊ, सगळा आकार बिघडवणारी. कात्रीची पाती तिच्याभोवती उघडली, तशीच थांबली.

"धर बाई ही लवकर," कुसाबाई म्हणाल्या, आणि कात्री सुनेच्या हातात कोंबून तरातरा घरात गेल्या.